हक्कसोडाची सही करण्याआधी हिशेब मांडू



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले, वही बंद झाली. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, सोमवारी भावानं तालुक्याला बोलावलंय. हक्कसोडावर सही करायचीय. करू ना?"

त्यांचे वडील सहा महिन्यांपूर्वी वारले. मागे आई, दोन भाऊ आणि ही एक बहीण. भाऊ चांगला आहे, भांडण काहीच नाही. त्यानं साडीसुद्धा घेऊन ठेवली होती.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. "करू नका" म्हणणं सोपं होतं, पण माहेर त्यांचं होतं, माझं नाही. मग आम्ही दोघी पुन्हा खाली बसलो आणि हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. गटात कर्ज देताना जसा मांडतो तसाच. तोच हिशेब आज तुमच्यासमोर ठेवते. तालुक्याला जाण्याची वेळ आपल्यापैकी बऱ्याच जणींवर येते, आणि बहुतेक वेळा विचार करायला एक रात्रसुद्धा मिळत नाही.

आधी कायदा, थोडक्यात

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा, हे १९५६ पासूनच आहे.

वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराचा कायदा बदलला आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. वडील २००५ च्या आधी वारले असले तर काय, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र मोडत नाहीत.

मुस्लिम भगिनींना मुस्लिम वारसा कायद्यानं वाटा मिळतो, तो साधारण भावाच्या निम्मा असतो. ख्रिस्ती कुटुंबांत मुलगा-मुलगी सारखे. आदिवासी समाजात हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रिवाज बघितला जातो. या भगिनींनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. खालचा पैशाचा हिशेब मात्र सगळ्यांच्या कामाचा आहे.

वाट्याची किंमत काढू

समजा वडिलांची ६ एकर जिरायत आहे आणि मृत्युपत्र नाही. वारस चौघं: आई, दोन भाऊ, एक बहीण. बहिणीचा वाटा दीड एकर. भाव गावागावांत वेगळा असतो, आपण हिशेबापुरता एकरी ८ लाख धरू. म्हणजे वाट्याची किंमत झाली १२ लाख.

"पण मला कुठं विकायचीय?" असं ताई म्हणाल्या. बरोबर आहे. मग न विकता काय मिळतं ते बघू. ठोक्यानं दिली आणि एकरी वर्षाला १२ हजार आले, तर दीड एकराचे १८ हजार. वीस वर्षांत ३ लाख ६० हजार. शिवाय जमीन जागेवरच.

आता दुसरी बाजू. साडीचोळी ३ हजार. राखी, भाऊबीज, येणं-जाणं मिळून भाऊ वर्षाला ४ हजार खर्च करतो असं धरू, वीस वर्षांत ८० हजार. एखाद्या दुखण्याखुपण्याला त्यानं ५० हजार दिले असं धरू. सगळं मिळून १ लाख ३३ हजार. आपणही भाचरांना काही ना काही करतोच, ते यात धरलेलं नाही.

प्रेमाचा असा हिशेब करायचा का, असं मनात येईल. माझ्याही आलं. पण सही प्रेमाच्या कागदावर होत नाही, ती जमिनीच्या कागदावर होते. गटात आपण ५ हजारांचं अंतर्गत कर्ज देतो तेव्हा ठराव लिहितो, दोन सह्या घेतो, परतफेडीची तारीख टाकतो. मग १२ लाखांची गोष्ट एका सकाळी, न वाचता, घाईघाईत का करायची?

माहेर म्हणजे विमा, पण कागद नसलेला

बाया सही का करतात? त्यांना हिशेब कळत नाही म्हणून नाही. नवऱ्यानं टाकलं, घरात मारहाण झाली, अवेळी विधवापण आलं, तर जायला एक दार उघडं असावं असं प्रत्येकीला वाटतं. ते दार भावाचं असतं. म्हणून आपण आपला वाटा सोडतो आणि दार उघडं ठेवतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आपण विमा काढतो आणि त्याचा सगळा हप्ता एकदम भरून टाकतो.

हा विचार चुकीचा नाही. फक्त या विम्याचा कागद नाही, म्हणून तो किती भक्कम आहे ते तपासलं पाहिजे.

माझ्या आईचं सांगते. आईनं माझ्या मामांच्या नावे सही केली तेव्हा मी शाळेत होते. मामा मनानं चांगले. पुढे एका दुष्काळाच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन करायचं ठरलं. आई मामांकडे गेली. मामा रडले, पण त्यांच्याकडे पैसे नव्हते. जो पाऊस आमच्याकडे पडला नव्हता तो त्यांच्याकडेही पडला नव्हता. शेवटी आईनं जास्त व्याजाचं कर्ज उचललं, ते फेडायला तीन वर्षं लागली. मामांनी फसवलं नाही. विमा देणारा आणि घेणारा एकाच संकटात सापडले होते.

दुसरं म्हणजे हा विमा भावाच्या हयातीवर आणि त्याच्या घरातल्या परिस्थितीवर टिकतो. उद्या कारभार भाच्यांच्या हातात जातो. आत्यानं काय सोडलं होतं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. जमिनीला मात्र आपलं वय होत नाही.

नणंद आणि भावजयीचा हिशेब

ताईंनी पुढे एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "मी माहेरचं मागितलं तर माझी नणंदही मागंल. मग माझ्या घरचं कमी होईल. मला काय उरलं?"

हाही हिशेब मांडू. मी माहेरी दीड एकर सोडली, ती भावाकडे राहिली. नणंदेनं माझ्या सासरी दीड एकर सोडली, ती माझ्या नवऱ्याकडे राहिली. जेवढी गेली तेवढी आली, फिटंफाट. आता उलटं करू. मी माझी दीड एकर घेतली, नणंदेनं तिची घेतली. तरीही प्रत्येक घराची जमीन तेवढीच.

मग फरक कुठं पडला? सातबाऱ्यावर. पहिल्या हिशेबात माझी दीड एकर गेली आणि नवऱ्याच्या नावावर दीड एकर आली. दुसऱ्या हिशेबात ती माझ्या नावावर राहिली. घर तेच, जमीन तेवढीच, नाव बदललं.

नाव बदलल्यानं काय होतं? नवऱ्याच्या स्वकष्टाच्या जमिनीत तो जिवंत असेपर्यंत बायकोला मालकी वाटा नसतो. ती विकायला त्याला बायकोची सही लागत नाही. बायको वारस होते ती नवरा गेल्यावर. तोपर्यंत त्या दीड एकरात निंदणी-खुरपणी तिची आणि निर्णय त्याचा. पीक कर्ज, अतिवृष्टीची मदत, बँकेतली पत हे सगळं बहुतेक वेळा सातबाऱ्यावरच्या नावानं चालतं.

आपण प्रत्येक जण एका घरात बहीण असतो आणि दुसऱ्या घरात भावजय. बहीण म्हणून हक्क हवा असेल तर भावजय म्हणून नणंदेच्या नावाला विरोध करून चालणार नाही. हे मी लग्न न झालेली मुलगी सहज बोलतेय, घरात बोलणं अवघड आहे हे मला माहीत आहे.

नावानं खरंच फरक पडतो का?

अभ्यास झालेले आहेत. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी विवाहित स्त्रियांशी बोलून मालमत्ता आणि मारहाण यांचा संबंध तपासला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. कारण समजण्यासारखं आहे. जिला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलताना माणूस विचार करतो. ती घर सोडून जाईलच असं नाही, जाऊ शकते एवढं पुरतं.

दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा आहे. क्लाउस डाइनिंगर, अपराजिता गोयल आणि हरी नागराजन यांनी १९९४ च्या बदलाचा परिणाम पाहिला. कायदा बदलल्यानंतर मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली होती. मुलींचं लग्नाचं वय वाढलं आणि शिक्षणही वाढलं. पण मुला-मुलींमधलं अंतर पूर्ण मिटलं नाही.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. काही संशोधकांना असंही दिसलं की मुलीला वाटा द्यावा लागेल म्हणून काही कुटुंबांत मुलगाच हवा हा हट्ट आणखी वाढला. "मुलगी म्हणजे जमीन जाणार" असा हिशेब त्या घरांनी केला. हा हिशेब अर्धाच आहे. लेक वाटा घेऊन जाते तशी सूनही वाटा घेऊन येते. सगळ्या घरांनी दिला तर कुठल्याच घराचं नुकसान नाही. एकट्या घरानं दिला तर त्याला तोटा वाटतो, म्हणून कुणी सुरुवात करत नाही. याचसाठी हा विषय एकटीनं घरात काढण्यापेक्षा गटात आणि ग्रामसभेत काढावा असं मला वाटतं.

नेहमीची दोन वाक्यं

"जमिनीचे तुकडे होतील." सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून शेतात बांध पडत नाही. नाव सामाईक राहू शकतं आणि जमीन एकत्र कसता येते. दोन भावांत वाटणी होते तेव्हाही तुकडे पडतातच, पण धाकट्याला कुणी हक्कसोड करायला सांगत नाही. "बहीण परक्याला विकेल" ही भीती असेल तर भावाला सांगा, एका वारसानं आपला वाटा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे.

"लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा." हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे आणि कायदा तो वाट्यातून वजा करत नाही. पैशाच्या बाजूनंही बघा. तो पैसा मंडपात आणि सासरच्यांच्या हातात गेला, मुलीच्या नावावर काय राहिलं? तरीही त्या लग्नाचं कर्ज भाऊ अजून फेडत असेल, तर ते ओझं खरं आहे. ते बोलून, आकडा काढून हिशेबात धरा. त्यासाठी सगळा हक्क सोडावा लागत नाही.

थांबण्याचीही किंमत असते

काही घरांत कुणी सही मागत नाही आणि कुणी नावही लावत नाही. सातबाऱ्यावर आजोबाच बसलेले असतात. यात वाईट काय? बघा. आजोबांना तीन मुलं. त्या तिघांची मिळून अकरा. आज त्या जमिनीचं काहीही करायचं तर अकरा जणांच्या सह्या लागतात. एक पुण्यात, एक सुरतेत, एक वारलेला आणि त्याची मुलं लहान. प्रत्येक सहीला गाडीभाडं, रोज बुडणं आणि मनधरणी. दर पिढीला हा खर्च दुपटी-तिपटीनं वाढतो आणि शेवटी जमिनीपेक्षा भांडण मोठं होतं.

म्हणून मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यावा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. त्यात बहिणींची नावं घातली की नाही ते स्वतः बघा. शासनानं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती याच कामासाठी होती.

सही आणि भांडण यांच्या मधले रस्ते

आपल्याला वाटतं की दोनच वाटा आहेत: सही करायची नाहीतर कोर्टात जायचं. मधे बरंच काही आहे.

१. नाव राहू द्यावं, कसणं भावानं करावं. आज काहीच मागू नये. उद्या गरज पडली तर वाट मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या वाटेलाही किंमत आहे.

२. नाव राहू द्यावं आणि भावानं ठरलेली रक्कम किंवा दोन पोती धान्य दरवर्षी द्यावं. दोघांच्या सहीनं कागदावर लिहून ठेवावं.

३. भावाला जमीनच हवी असेल तर त्यानं मोबदला द्यावा. एकदम जमत नसेल तर हप्ते पाडावेत. हक्कसोड फुकटच करावं लागतं असं नाही. रक्कम कागदात लिहून घ्यावी आणि शक्यतो खात्यावर घ्यावी.

४. सगळं समजून, मनापासून सोडावंसं वाटलं तर सोडावं. तोही आपला हक्क आहे. फक्त तो निर्णय आपला असावा.

सही करण्याआधी एवढं नक्की बघा

* सातबारा आणि आठ-अ काढा. आपलं नाव भोगवटादारांच्या रकान्यात आहे की 'इतर हक्का'त? पूर्वी बऱ्याच ठिकाणी बहिणींची नावं 'इतर हक्का'त टाकली जायची. तसं असेल तर विचारणा करा.
* कागद कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. वारस नोंदीचा अर्ज आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. एकाचं नाव सांगून दुसऱ्यावर सही घेतली जाऊ शकते.
* कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका.
* हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकदा नोंदलं की मागे फिरणं फार अवघड, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो.
* शंका असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

त्या ताईंचं काय झालं?

त्यांनी सोमवारी भावाला फोन केला आणि सांगितलं, "दादा, मला काही नको. तू कस, तूच खा. फक्त माझं नाव तेवढं राहू दे." भाऊ काही बोलला नाही, फोन ठेवला. पंधरा दिवस बोलणं बंद होतं. ताई त्या दिवसांत नीट जेवल्याही नाहीत, हे मी लपवणार नाही. हिशेबाच्या वहीत हा खर्च आम्ही लिहिला नव्हता.

मग त्यांच्या आईचा फोन आला. आई म्हणाली, "तुझं राहू दे. माझंबी नाव लावायला सांगितलंय मी." वारस नोंदीचा अर्ज आता चार नावांनी गेला आहे. भाऊ अजून पूर्वीसारखा बोलत नाही. भाऊबिजेला तो येतो का, याची ताई वाट बघतायत, आणि खरं सांगायचं तर मीही.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा असे दोन सातबारे सोबत आणावेत. ऑनलाइन काढायला अडचण आली तर तुमच्या सीआरपी ताईंना सांगा. सोबत बसून वाचू, आपलं नाव कुठं आहे ते शोधू. नाही सापडलं तर पुढे काय करायचं, तेही सोबतच ठरवू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक